कात्री कुणाच्या हातात

आमच्या हिमायतनगरात बाईच्या हाती शिलाई मशीन यायला आता फार सायास पडत नाहीत. लग्नात आंदण म्हणून येतं, पंचायत समितीच्या योजनेतून येतं, बचत गटाच्या कर्जातून येतं, नाहीतर जाऊबाई नांदेडला राहायला गेल्या म्हणून त्यांचं जुनं घरात येतं. कात्री मात्र येत नाही. दोरे तोडायची इवलीशी कात्री म्हणत नाही मी, ती प्रत्येकीच्या डब्यात असते. मी म्हणते ती टेलरमास्तरची, लोखंडी, उचलली की मनगटाला वजन कळणारी, कापडाचे चार पदर एका दाबात कापत जाणारी. ती मास्तरच्या टेबलावर असते आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नसतो. तिनं कुणी कागद कापला तरी मास्तर ओरडतो, कारण कागदानं धार मरते.

शिलाईच्या कुठल्याही दुकानात घटकाभर उभं राहून बघा. पुढं टेबलाशी उभा असतो, टेप गळ्यात घालून माप घेतो, खडूनं खुणा ओढतो आणि कापतो, तो मास्तर. मागं मशीनवर वाकून बसलेले असतात ते कारागीर. त्यांचा हिशोब नगावर. आणि बाया? त्या बहुतेक दुकानात दिसतच नाहीत. कापून-शिवून ठेवलेले कपडे पिशवीतून त्यांच्या घरी जातात, तिथं हेमिंग होतं, काजं होतात, हुक लागतात, साडीला फॉल लागतो, आणि पिशवी परत दुकानात येते. कपडा पुरा झाला की नाव मास्तरचं होतं. ते चुकीचंही नाही, कारण कपडा अंगावर कसा बसणार हे त्याच्या कात्रीनं आधीच ठरवून टाकलेलं असतं. मशीनवर बसणाऱ्या माणसानं ठरवायचं असं फारसं काही मागं राहिलेलंच नसतं.

म्हणून शिवणकाम शिकायचं म्हणजे बेतायला शिकायचं, असं माझं मत होत गेलं आणि आता ते पक्कं झालंय. टीप मारायला कुणीही शिकतं. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलींनाही मी पहिल्या दिवशी हेच सांगते, आणि त्यांच्या आया दारात उभ्या राहून विचारतात, "बाई, मशीन कधी चालवायला देणार?"

मशीन चालवायला शिकवायची रीत सगळीकडं सारखीच आहे. आधी दोरा न ओवता नुसता पाय. पायडलवर दोन्ही पावलं पुढंमागं ठेवायची, हातानं चाक आपल्याकडं फिरवून सुरुवात करून द्यायची आणि ती लय पायानं धरून ठेवायची. पाय जरा अडखळला की चाक उलटं फिरतं. ते उलटं फिरणं गेलं की वहीचा रेघोट्यांचा कागद सुईखाली द्यायचा आणि रेघेवरून भोकं पाडत जायचं. कागद उजेडात धरला की सगळं दिसतं: कुठं हात घाई करत होता, कुठं डोळा सुईवर खिळला होता आणि पुढची रेघ बघायची राहून गेली होती. मग बॉबिन भरणं, ती केसमध्ये बसवणं, खालचा दोरा वर काढणं, दाब कमी-जास्त करणं. पाय एकदा बसला की आयुष्यभर बसतो. यात अवघड काही नाही, आणि बरेचसे क्लास इथंच घुटमळत राहतात याचं मला वाईट वाटतं.

वाईट अशासाठी, की टाका आमच्या बायांना नवीन नाही. इथल्या घराघरांत वाकळ शिवली जाते. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, वरून त्यातल्या त्यात बऱ्या रंगाचं लुगडं घ्यायचं, जमिनीवर ताणून बसायचं आणि काठाकडून मध्याकडं धावदोरा घालत जायचं. माझी आजी हे काम उन्हाळ्यात करायची. तिला कुणी टाका शिकवला नव्हता आणि तिच्या टाक्यांमधलं अंतर मोजलं तर हाताला फरक लागत नव्हता. अशा बाईला सरळ टीप शिकवायला महिनाभर बसवायचं आणि ‘शिवणकाम आलं’ म्हणून प्रमाणपत्र द्यायचं, हा तिच्या हातांचा अपमान आहे. तिला जे कधी मिळालं नाही ते द्यायला हवं.

हिमायतनगर तसं सीमेवरचं गाव. जुनी माणसं अजून वाढोणा म्हणतात. परमेश्वराचं मंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा यांमुळं पंचक्रोशीत नाव आहे. मुदखेडहून आदिलाबादला जाणाऱ्या रेल्वेवरचं हे स्टेशन. एका बाजूची गाडी नांदेडला नेते, दुसऱ्या बाजूची तेलंगणात. बाजारात एकाच कापडाच्या दुकानात मराठी, दखनी उर्दू, तेलुगू आणि बंजाऱ्यांची गोरमाटी अशा चारही बोली कानावर पडतात, आणि जितक्या बोली तितके कपडे. नऊवारीवरची चोळी, सहावारीवरचं ब्लाऊज, सलवार-कमीज, बुरखा, तांड्यातल्या म्हाताऱ्या बायांचा फेटिया आणि कांचळी. भोवतीच्या रानात कापूस पिकतो, पण तो गाठी होऊन बाहेर जातो आणि कापड सुरतेहून, भिवंडीहून येतं. नांदेडला निजामाच्या काळात उभी राहिलेली उस्मानशाही मिल होती. तीही बंद पडली. कापूस ते कपडा या लांबलचक वाटेत आमच्या हातात फक्त दोन टोकं राहिली आहेत, वेचणी आणि शिलाई. दोन्ही ठिकाणी बरंचसं काम बाईचं, आणि दोन्ही ठिकाणी मोबदला वजनावर किंवा नगावर.

मी ज्यांच्याकडं शिकले त्या बाई मशीनपाशीच घुटमळणाऱ्यांपेक्षा वेगळ्या होत्या. त्यांनी आम्हाला मशीनच्या खोलीतून उठवून ओसरीत बसवलं, प्रत्येकीपुढं रद्दीतला ‘प्रजावाणी’ अंथरला आणि लाल-निळी पेन्सिल हातात दिली. पहिला कपडा झबलं. छातीचं माप घ्यायचं, त्याचा चौथा भाग काढायचा, त्यात सैलपणासाठी आणि शिलाईसाठी किती सोडायचं ते ठरवायचं. चौथा भागच का? कारण कापड आधी उभं आणि मग आडवं दुमडलेलं असतं. पुढचा अर्धा, मागचा अर्धा आणि त्यांचेही अर्धे असे चार पदर एकावर एक आलेले असतात. एकच रेघ ओढायची आणि ती चार ठिकाणी उमटणार. हे ऐकून लक्षात येत नाही. घडी उघडून आख्खं झबलं कागदाचं समोर आलं तेव्हा आमच्यातल्या एकीनं ते पुन्हा घडी केलं, पुन्हा उघडलं. अंकगणिताचा भागाकार शाळेत ज्यांच्या डोक्यावरून गेला होता त्यांना तो इथं डोळ्यांनी दिसला.

मग बाईंनी ते कागदाचं झबलं टाचण्या लावून शेजारच्या लेकराच्या अंगावर घातलं आणि त्याला हात वर करायला सांगितलं. कागद काखेत फाटला. "का फाटला?" एवढंच विचारून त्या आत चहा ठेवायला गेल्या.

माझं खरं शिक्षण त्या प्रश्नापासून सुरू झालं. कापड सपाट असतं आणि माणूस गोल. एवढी साधी गोष्ट, पण सगळी शिलाई हिच्याशी झगडत आली आहे. माणूस नुसता गोल असता तरी सोपं होतं, त्याला पिशवी पुरली असती. तो हलतो. हात पुढं जातात, वर जातात, मागं क्वचित जातात. म्हणून मुंढ्याची पुढची गोलाई मागच्यापेक्षा जास्त खोल घ्यायची. बाहीचा वरचा गोलही पुढच्या बाजूला जरा जास्त खोदायचा. मागं कापड जरासं शिल्लक ठेवायचं, पाठ वाकवल्यावर ते कामी येतं. बाहीचा गोल आणि मुंढ्याचा गोल कागदावर शेजारी ठेवले तर ते एकमेकांत बसणारच नाहीत असं वाटतं. एक फुगीर, दुसरा खोलगट. शिवायला घेतले की टाचणी टाचणी करत ते जुळत जातात आणि सपाट कापडाला अचानक खांदा येतो. आजही मला त्या क्षणी बरं वाटतं.

टक कसा काम करतो हेही बाईंनी कागदावरच दाखवलं. पानाच्या एका कडेला पाचरीसारखी चिमट घ्यायची, टोक मध्याकडं निमुळतं करत न्यायचं आणि टाचणी लावायची. पान आता जमिनीवर सपाट बसत नाही, मध्ये उचललं जातं. ब्लाऊजचे चार टक म्हणजे अशा चार चिमटी. त्यांची टोकं कुठं थांबवायची यावर सगळं अवलंबून. अर्धा इंच पुढं गेली की कापड टोचल्यासारखं उभं राहतं, मागं राहिली की सुरकुती पडते. आणि ही जागा प्रत्येक बाईची वेगळी. एकीची लेकरं अंगावर पितायत, एकीचं वय झालंय, एक पंधरा वर्षांची आहे. छत्तीस छाती म्हणून लिहिलेल्या तिघी एका मापात मावत नाहीत.

जुन्या लोकांनी हाच झगडा दुसऱ्या रीतीनं सोडवला होता. आमच्या आजोबांची एक पैरण बाईंनी मला उसवायला लावली. ब्लेडनं टाके काढत काढत सगळे भाग मोकळे केले आणि सारवलेल्या जमिनीवर मांडले. एकही गोल तुकडा नव्हता. अंगाचा लांब पट्टा, बाह्यांचे दोन आयत, बाजूच्या निमुळत्या कळ्या आणि काखेत बसवलेला छोटा चौकोन, चौबगला. सगळे तुकडे एकमेकांना भिडवून ठेवले तेव्हा कापडाची मूळ पट्टी पुन्हा दिसली. मध्ये चिंधीभर जागासुद्धा वाया गेली नव्हती. हात वर गेला की तो काखेतला चौकोन तिरका ताणला जायचा आणि बाही मोकळी राहायची. कापडाला उभ्या धाग्यावर ओढलं तर ते हलत नाही, आडव्यावर किंचित हलतं, पण कोपऱ्यातून तिरकं ओढलं की रबरासारखं वाढतं. गळ्याला लावायची उरेप पट्टी आपण तिरकी कापतो ती याचसाठी. जुन्या शिंप्यानं हा गुण नेमका काखेत नेऊन ठेवला होता. हातमागाचं कापड अरुंद आणि महाग, चिंधी पाडायची ऐपत नाही, आणि घालणाऱ्याला दिवसभर नांगर धरायचाय. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा बेतलं त्याच्या बुद्धीपुढं मी हात जोडते.

आता मुंबईच्या के. आर. झारापकरांची पद्धत ठाऊक नाही असा शिवणक्लास महाराष्ट्रात शोधावा लागेल. त्यांच्या पुस्तकानं फार मोठं काम केलं. मास्तरच्या डोक्यात आणि हातात दडलेली गोष्ट त्यांनी आकृत्यांमध्ये, मापांमध्ये, सूत्रांमध्ये मांडली, आणि ज्याला वाचता येतं त्याच्यापुढं ठेवली. वडिलांकडून मुलाकडं जाणारी कला अशी पुस्तकात आली की ती मुलीकडंही जाऊ शकते. सूत्राचं बळ हे की एका छातीच्या मापावरून मुंढा, गळा, खांदा यांचा अंदाज निघतो. पण तो अंदाजच. पुढं डोळा लागतो. आयुष्यभर वाकून खुरपणी केलेल्या म्हातारीची पाठ कमानदार झालेली असते. तिचं ब्लाऊज सूत्रानं कापलं तर मागून वर चढतं आणि पुढं कंबरेशी चुणी पडते. ती दिवसभर ते मागून ओढत राहते. तिला पाठ लांब द्यावी लागते आणि पुढा आखूड. पाण्याची घागर एकाच बाजूला वाहणारीचा एक खांदा उतरलेला असतो. हे कुठल्याही तक्त्यात मिळत नाही, समोरच्या बाईकडं नीट बघितलं की मिळतं.

आणि नेमकं हे बघणंच आमच्याकडं होत नाही. परक्या पुरुषाला माप द्यायचं नको म्हणून बाया ‘मापाचं ब्लाऊज’ पाठवतात. जुन्या ब्लाऊजवरून नवं कापायचं, त्याच्यावरून पुढचं. बाळंतपण होतं, अंग भरतं, उतरतं, वय वाढतं, ब्लाऊज मात्र लग्नातल्या मापाचं. काखेत काचतं, हात वर करून फडताळातला डबा काढता येत नाही, तरी तिला वाटतं की आपलंच अंग बेढब आहे. माझ्या क्लासमध्ये येणाऱ्या किती तरी जणींच्या अंगाला आजवर कुणी टेप लावलेलीच नसते. आम्ही दार लावून एकमेकींची मापं घेतो. सुरुवातीला हसणं, लाजणं, पदर सावरणं चालतं. हळूहळू एक वही भरत जाते: पूर्ण छाती, वरची छाती, कंबर, खांदा, पाठीची उंची, पुढची उंची, दंडाचा घेर. त्या आकड्यांत चांगलं-वाईट काही नसतं. बत्तीस म्हणजे बत्तीस आणि बेचाळीस म्हणजे बेचाळीस, कापड दोघींना सारखंच बसवायचं. माप बाईनं बाईचं घ्यावं आणि बेतावं, याची खरी गरज मला या वहीत दिसते.

माप आणि कात्री आधी, हे फार जुनं आहे. नामदेवांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं नरसी आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. शिंप्याच्या घरातले हे संत विठ्ठलाचं नाव घेत पार पंजाबात पोचले आणि त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथ साहिबात आली. नांदेडच्या हुजूर साहिबला जाणारे आम्ही मराठवाड्यातले लोक हे अभिमानानं सांगतो. त्यातलं राग आसामधलं एक पद त्यांच्या धंद्यातल्या हत्यारांवर उभं आहे. मनाला त्यांनी गजाचं काम दिलंय आणि जिभेला कात्रीचं. मोजणं आणि कापणं आधी. सुई आणि दोरा, सोन्याची सुई आणि रुप्याचा दोरा, अगदी शेवटी येतात. भक्तीचा अर्थ सांगणारे जाणकार वेगळे आहेत, मी त्यात पडत नाही. पण शिंप्याच्या कामाचा क्रम त्यात जसाच्या तसा उतरलाय, आणि ज्यानं स्वतःच्या हातांनी खरोखर कापड बेतलंय त्यालाच तो तसा सुचावा.

यंत्रानं हा क्रम बदलला नाही, फक्त शेवटचा भाग वेगवान केला. अमेरिकेत एलियास हाउनं १८४६ साली ज्या यंत्राचं पेटंट घेतलं त्याच्या सुईचं नेढं टोकाशी होतं. वरून एक दोरा, खालून दुसरा, आणि कापडाच्या मध्ये दोघांची गाठ. आयझॅक सिंगरनं १८५१ मध्ये आपलं पेटंट घेतलं आणि यंत्र घरोघर नेलं. १८६० च्या सुमारास व्हीलर अँड विल्सन या कंपनीनं तुलना छापली होती: पुरुषाचा एक शर्ट हातानं शिवायला १४ तास २६ मिनिटं, यंत्रावर १ तास १६ मिनिटं. तेरा तास वाचले! जगातल्या किती बायांच्या डोळ्यांवरचं आणि मानेवरचं ओझं त्यातून उतरलं असेल. यंत्रांबद्दल इतके कठोर असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली ‘यंग इंडिया’त सिंगरच्या मशीनला अपवाद म्हणून सोडलं होतं. बायकोला हातानं टाके घालत बसावं लागतं हे सिंगरला बघवेना, म्हणून त्यानं यंत्र केलं, त्याच्या शोधामागं प्रेम होतं, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचं हे म्हणणं फार आवडतं. पण ते वाचलेले तेरा तास टिपेचे आहेत. कुठं कापायचं हे यंत्राला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आमच्या गावातल्या मशीनला आजही नाही.

सरकारी योजनांचं लक्ष मात्र या टिपेवरच खिळलेलं असतं. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, नेमका आमचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. तिच्या अठरा व्यवसायांत शिंपी आहे, थोड्या दिवसांचं प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी १५,००० रुपये आहेत. हे चांगलंच आहे. अशा मदतीतून घरात मशीन आलं आणि त्याबरोबर बाईला घरात विचारू लागले, अशी घरं मी बघितली आहेत. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचा महिनाभराचा वर्ग असतो. आयटीआयमध्ये वर्षभराचा अभ्यासक्रम आहे आणि तिथं आकृती काढायला, बेतायला रीतसर शिकवतात. ज्या मुलीला जाता येतं तिनं जरूर जावं. पण दिवस थोडे असले की सगळ्यांत आधी कात्री लागते ती बेतण्याच्याच तासांना.

कात्री शिवणाऱ्या बाईच्या हातात नसली की काय होतं हे २०२४-२५ च्या शाळेच्या वर्षात राज्यानं पाहिलं. सरकारी शाळांतल्या सगळ्या मुलांना एकसारखा गणवेश द्यायचं ठरलं. कापड एका ठिकाणी कापलं गेलं आणि कापलेले तुकडे शिवायला महिला बचत गटांकडं आले. हेतू वाईट नव्हता, गावातल्या बायांना काम मिळणार होतं. पण मापं आली कुठून? कुणाला आखूड, कुणाला ढगळ, आणि तेही उशिरा, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये ही पद्धत मागं घेऊन गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं दिलं गेलं. बोल लागला तो शिवणाऱ्या बायांनाही, कारण कपडा त्यांच्या हातून पुरा झाला होता. खरं तर ज्या मुलाचं अंग त्यांनी रोज पाहिलेलं, त्याच्यासाठी काय कापायचं हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. चौथीतला पोरगा किती दांडगा आहे हे त्याच वस्तीतल्या बाईला ठाऊक असतं. तिच्या हातात थान दिलं असतं, कात्री दिली असती आणि बेतण्याची मजुरी दिली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

बेतण्यातली शिस्त समजावून सांगायला मी मुलींना नांदेडचंच उदाहरण देते. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तिथं राष्ट्रध्वज तयार करते. त्याची खादी लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणली जाते. ध्वजात ना मुंढा, ना गळा, ना टक. तीन सरळ पट्टे, बस. तरी तो सोपा नाही. लांबी आणि उंचीचं प्रमाण ३:२ ठरलेलं आणि तिन्ही पट्टे बरोबर सारख्या रुंदीचे दिसायला हवेत. मग मी विचारते, पट्टे किती रुंद कापाल? मुली लगेच उंचीचा तिसरा भाग सांगतात. मी गप्प बसते. थोड्या वेळानं कुणीतरी म्हणते, "बाई, पांढरा तर दोन्हीकडून दबंल की." बरोबर. पांढऱ्या पट्ट्याच्या दोन्ही कडा शिवणीत जातात. केशरी आणि हिरव्याची एक कड शिवणीत आणि एक दुमडीत जाते. शिवणीला किती जातं आणि दुमडीला किती, हे आधी ठरवल्याशिवाय कात्री लावताच येत नाही. ध्वजाचे नऊ आकार ठरलेले आहेत, सगळ्यांत मोठा २१ फूट बाय १४ फूट आणि सगळ्यांत लहान ६ इंच बाय ४ इंच. मुली जुन्या चादरीच्या पांढऱ्या चिंध्यांचे तीन पट्टे कापून जोडतात, मोजतात, आणि तिन्ही सारखे निघाले की मग आम्ही परकराच्या कळ्यांकडं वळतो.

बायांना बेतण्याची भीती वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. टीप चुकली तर उसवता येते, कापलेलं सांधत नाही. दुसऱ्याचं कापड, त्यात सणाचं, त्यात महागाचं. मास्तर मोठा झाला तो कापडं बिघडवतच मोठा झाला, पण ती कापडं उस्तादाच्या दुकानातली होती. घरात शिकणाऱ्या बाईकडं बिघडवायला कापड नसतं, आणि बिघडलं तर घरातल्यांचं बोलणं ऐकावं लागतं. म्हणून रद्दी, जुन्या चादरी, फाटकी धोतरं, लग्नमांडवातल्या टाकाऊ पडद्यांचे तुकडे, जे मिळेल ते आम्ही जमा करतो. बिघडवायला भरपूर कापड मिळालं की हात मोकळा होतो. याला योजनेत कुठला रकाना नाही.

आणि टेबलालाही नाही. शिवणाची प्रशिक्षण केंद्रं बघितली आहेत मी. मशीनच्या रांगा असतात, नवी कोरी मशीनं, वर प्लास्टिक. बेतायचं टेबल बहुधा नसतं, असलं तर त्यावर रजिस्टरं. बाई जमिनीवर गुडघे टेकून, पाठ वाकवून कापते. अशानं कापड खालून सरकतं, रेघ तिरकी जाते आणि लांब कात्री पूर्ण उघडत नाही. मास्तर उभा राहून कापतो, कारण उभं राहिल्यावर खांद्याचं बळ कात्रीत येतं आणि सगळं कापड एका नजरेत राहतं. आमच्या क्लासमध्ये एका जुन्या वाड्याच्या दाराची फळी आहे, सागवानी, खाली विटांचे खांब, उंची कंबरेइतकी. तिच्याशी पहिल्यांदा उभी राहिलेली मुलगी हातात कात्री घेते तेव्हा तिचं उभं राहणंच बदलतं. तिथं उभ्या राहून शिकलेल्या काही जणी आता गावात स्वतः माप घेतात, स्वतः कापतात. दोघींनी मशीनवर बसायला दुसऱ्या बायांना ठेवलंय, आणि त्यांनाही कापायला शिकवा म्हणून मी त्यांच्या मागं लागले आहे.

तांड्यावरून येणारी एक मुलगी गेल्या पावसाळ्यात तिच्या आजीची कांचळी घेऊन आली. आरशांनी आणि कवड्यांनी जड झालेली, पाठ उघडी, मागं बांधायचे बंद. आजीनं ती स्वतः बेतलेली, स्वतः शिवलेली. तांड्यातल्या त्या पिढीच्या बाया कपड्यासाठी कुणा मास्तरकडं गेल्याच नाहीत. कात्री त्यांच्याच हातात होती, हे मी इतकी वर्षं शेजारी राहून नीट ध्यानात घेतलं नव्हतं. नातीला कांचळीचा कागद काढायचाय, स्वतःच्या लग्नात तशीच घालायची आहे. मला वाटलं पैरणीसारखी उसवून मांडावी. आजीनं निरोप पाठवला, "एक टाका बी काढायचा नाही." म्हणून आम्ही पतंगाचा पातळ कागद आणलाय. एकेका भागावर तो पसरायचा, शिवणीशी टाचण्या लावायच्या आणि पेन्सिल आडवी धरून कडा उतरवून घ्यायच्या. पुढचे तुकडे जमले. बाहीही जमली. छातीखालचा एक भाग आहे, तो आतून कसा दुमडलाय ते कागदावर येईना. बंद कुठून निघतात तेही तिथंच अडलंय. सोयाबीन निघालं की आजी स्वतः येऊन टेबलावर कापून दाखवते म्हणाली आहे. तिला बसायला पाट लागेल का म्हणून मी विचारलं, तर नात म्हणाली, "नाही बाई, ती उभीच राहते."